चौकटीत थांबण्याचा हक्क

शिर्डीच्या साईबाबांची दगडावर बसलेली छबी महाराष्ट्रात कुणाला वेगळी दाखवावी लागत नाही. रिक्षाच्या काचेवर, पानटपरीत, दवाखान्याच्या काउंटरवर, लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात ती असतेच. उजवा पाय डाव्या गुडघ्यावर, डावा हात त्या पायावर, अंगात कफनी, डोक्याला फडकं, पाय अनवाणी. ओळख इतकी जुनी की तिच्यातली एक गोष्ट नजरेतून निसटते. गावाकडं वडीलधाऱ्यांसमोर पायावर पाय टाकून बसणं आजही उद्धटपणाचं समजतात. ती बैठक पाटलाची, सावकाराची, फार तर मामलेदाराची. मजुरानं, बलुतेदारानं, दारोदार भिक्षा मागणाऱ्या फकिरानं उकिडवं बसायचं, नाहीतर उभं राहायचं. आणि या छबीत चार-पाच घरं मागून पोट भरणारा एक माणूस दगडावर पायावर पाय टाकून बसला आहे. समोरच्याकडं सरळ बघतो आहे. उठण्याची कसलीही घाई त्याला नाही.

चित्रात सत्ता कशी दिसते, या प्रश्नाकडं मी या छबीपासून जातो, कारण चित्रपटाच्या शाळेत मिळणारं उत्तर तिला लागू पडत नाही. शाळेत शिकवतात की कॅमेरा खाली ठेवून माणूस वर पाहिला तर तो बलवान दिसतो, वरून पाहिला तर दुबळा दिसतो. मध्यभागी असलेला माणूस मोठा, कडेला ढकललेला लहान. उजेडातला मालक, अंधारातला नोकर. हे नियम खोटे नाहीत, पण अर्धेच खरे आहेत. ज्या चित्रपटाचा दाखला त्यांच्यासाठी सर्वांत जास्त दिला जातो, त्या ऑर्सन वेल्सच्या 'सिटिझन केन'मध्येच (1941) ते मोडलेले आहेत. कॅमेरा खूप खाली नेण्यासाठी तिथं सेटची जमीन फोडली होती, हे सगळे सांगतात. पण जमिनीच्या पातळीवरून घेतलेला तो गाजलेला प्रसंग केन निवडणूक हरल्यानंतरचा आहे, हे क्वचित सांगितलं जातं. पडद्यावर तो डोंगराएवढा दिसतो, डोक्यावर छत दाबून आलेलं असतं आणि प्रत्यक्षात त्याच्या हातातून सगळं निसटलेलं असतं. कोन सत्तेचा, माणूस हरलेला.

मग सत्ता दिसते कशात? माझं उत्तर असं, की आपल्या समाजात तरी ती मुख्यतः थांबण्यात दिसते. चौकटीत कोण हवा तितका वेळ थांबू शकतो, कुणाला हलवलं जातं, कुणाला जागच्या जागी खिळवलं जातं आणि हे ठरवणारा कोण, इथं. उंची, उजेड, पोशाख, आवाज ही सगळी त्यानंतरची साधनं.

भारतीय चित्रपटाला हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडला होता. दादासाहेब फाळक्यांनी 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' दाखवला, तो राज्य गमावलेल्या राजाची गोष्ट म्हणून. काल सिंहासनावर बसलेला माणूस आज स्मशानात चाकरी करतो, हे शब्दांविना दाखवायचं होतं. पुढं फाळके नाशकात आले, तिथून चित्रपट काढू लागले. साईबाबांनी देह ठेवला तो 15 ऑक्टोबर 1918 रोजी, विजयादशमीला. म्हणजे शिर्डीपासून अवघ्या एका दिवसाच्या वाटेवर पडद्यावरचे राजे आणि देव तयार होत होते, त्याच काळात मशिदीच्या जमिनीवर हा फकीर बसला होता. पुढं चित्रपटानं त्याला गाठलं, तेव्हा तो राजांच्या भाषेतच त्याच्याशी बोलला. या लेखातली माझी तक्रार तीच आहे. पण तिच्याकडं जाण्याआधी नगर जिल्ह्यात आणि आसपासच्या मुलुखात मराठी चित्रपटानं सत्तेबद्दल काय शोधून काढलं, ते पाहायला हवं.

शिर्डीजवळच्या लोणीला, प्रवरानगरात, 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि सहकारानं ग्रामीण महाराष्ट्राचा चेहरा बदलला. त्या बदलातून जी नवी माणसं गावात मोठी झाली, त्यांच्यातल्या एका जातकुळीचं चित्र जब्बार पटेलांच्या 'सामना'त आहे. पटकथा विजय तेंडुलकरांची. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील आठवा. तो ओरडत नाही. आवाज खालचा, शब्दांत अंतर, नजर अर्धी मिटलेली. ज्याला हुकूम मोठ्यानं द्यावा लागत नाही, त्याची ही बोलण्याची रीत आहे. समोर डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर, जुना स्वातंत्र्यसैनिक, आता दारूत बुडालेला. हिंदुराव त्याला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, आपलं साम्राज्य दाखवत हिंडवतो. हे आदरातिथ्य म्हणजेच सत्ता आहे, हे चित्रपट फार शांतपणे दाखवतो. पाहुण्यानं कुठं बसायचं, काय बघायचं आणि कधी उठायचं, हे यजमान ठरवतो. मास्तराचं बंड कशात आहे? तो यजमानानं ठरवलेल्या वेगानं हलायचं नाकारतो. मारुती कांबळे नावाच्या नाहीशा झालेल्या माणसाचं काय झालं, या एका प्रश्नावर तो अडून बसतो. त्या क्षणापासून चौकटीचा तोल बदलतो. अंगावर धड कपडा नसलेला म्हातारा जागेवर असतो आणि वाड्याचा मालक अस्वस्थ होऊन फिरायला लागतो.

चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्ये (2014) हेच सत्तेच्या दुसऱ्या टोकानं येतं. तिथं कॅमेरा हलतच नाही. सत्र न्यायालयाची खोली लांबून, सरळ, रुंद दिसते. बाकं, कपाटं, पंखे, फायलींचे ढीग आणि त्या पसाऱ्यात कुठंतरी आरोपी शाहीर नारायण कांबळे. आपली नजर त्याला शोधत राहते. त्याला जवळून दाखवलं असतं तर आपण त्याच्या दुःखात शिरलो असतो आणि मोकळे झालो असतो. दिग्दर्शक ती सोय देत नाही. न हलणारी चौकट ही इथं व्यवस्थेची आहे. माणसं तिच्यात येतात, तारीख घेतात, जातात. शेवटाकडं न्यायाधीश सुट्टीत सहलीला जातात. अंगावर झगा नाही, उंच खुर्ची नाही. बाकावर बसल्या जागी त्यांचा डोळा लागतो, मुलं खोडी काढून त्यांना दचकवतात आणि ते हाताला लागलेल्या एका पोराच्या मुस्काटात मारतात. सत्तेची सगळी चिन्हं काढून घेतल्यावरही सत्ता अंगात कशी मुरलेली असते, हे सांगायला यापेक्षा कमी साहित्यात कुणाला जमलं असेल, असं मला वाटत नाही.

पण या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो नागराज मंजुळेंचा 'फँड्री' (2013). त्याची कथा नगरजवळच्या अकोळनेरात घडते, म्हणजे शिर्डीच्याच जिल्ह्यात. जब्या कैकाडी समाजाचा शाळकरी मुलगा. त्याला वर्गातली शालू आवडते, काळ्या चिमणीची राख मिळाली तर ती वश होईल अशी त्याची समजूत आहे. गावाच्या लेखी मात्र त्याच्या घराचं काम एकच, डुकरं धरणं.

जत्रेचा प्रसंग बघा. मिरवणुकीत पोरं नाचताहेत, जब्यालाही नाचायचंय, शालू बघतेय. आणि त्याच्या वाट्याला येतो तो डोक्यावर धरायचा दिवा. दुसऱ्यांच्या नाचावर उजेड पडावा म्हणून हा मुलगा स्थिर उभा. सिनेमाच्या शाळेत प्रकाशयोजना शिकवतात तेव्हा उजेडात कोण आणि अंधारात कोण, एवढाच विचार असतो. 'फँड्री' तिसरा प्रश्न विचारतो, उजेड वाहतो कोण? दिव्याच्या सर्वांत जवळ असलेला माणूसच इथं कुणाला दिसत नाही. एका साध्या दृश्यात जातीच्या व्यवस्थेची सगळी मांडणी आली आहे, आणि ती भाषणाशिवाय आली आहे.

शेवटची डुकराची धरपकड तर सलग बघणं अवघड जातं. शाळेजवळच्या मोकळ्या जागेत अख्खं कुटुंब डुकरामागं धावतंय आणि गाव कडेला उभं राहून, बसून, हसत बघतंय. हे गाव म्हणजे प्रेक्षागृह आहे. त्यांना बसायला जागा आहे, वेळ आहे, हातात मोबाइल आहे. धावणाऱ्यांना यातलं काहीच नाही. जब्या आडोसे शोधतो. तो पळतो तो डुकराला धरायला कमी आणि नजरांपासून लपायला जास्त. मधेच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि जब्या थबकतो, बापही थबकतो, डुक्कर मात्र हातातून जातं. थांबणं हा मी वर सत्तेचा हक्क म्हटला. इथं त्याची दुसरी बाजू आहे. एक थांबणं मालकाचं, तर दुसरं शिस्तीनं गोठवलेल्या माणसाचं. मंजुळे दोन्ही एकाच मैदानात दाखवतात. नंतर डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर फुले, सावित्रीबाई, आंबेडकर, गाडगेबाबा यांची चित्रं दिसतात. ती चित्रंही स्थिर आहेत, पण बघण्यापलीकडं काही करू शकत नाहीत. आणि शेवटी जब्या थांबतो, स्वतःच्या मर्जीनं. दगड उचलतो आणि समोर भिरकावतो, सरळ पडद्यावर, म्हणजे आपल्यावर. तोवर आपण बघणारे होतो, कडेला बसलेल्या गावासारखे. त्या दगडानं बघण्याचा फुकटचा हक्क काढून घेतला.

मंजुळेंच्याच 'सैराट'बद्दल (2016) एवढंच म्हणतो, की त्यातला सर्वांत मोठा सामाजिक निर्णय आवाजाचा होता. अजय-अतुल यांनी त्याचं संगीत लॉस एंजेलिसला जाऊन मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केलं. करमाळ्याकडच्या विहिरीत उडी घेणाऱ्या पोराच्या मागं तसा वाद्यवृंद वाजणं म्हणजे त्याच्या प्रेमाला राजपुत्राच्या प्रेमाइतकाच मान देणं. आणि शेवटच्या मिनिटांत दिग्दर्शक तोच आवाज पूर्ण काढून घेतो. दिलेला मान समाजानं परत घेतला, हे कानांना कळतं.

आता शिर्डीकडं वळतो. साईबाबांवर मराठीत 1955 मध्येच कुमारसेन समर्थांनी चित्रपट केला होता. पण देशभर शिर्डी पोचवली ती 1977 सालानं. त्या वर्षी अशोक भूषण यांचा 'शिर्डी के साईबाबा' आला आणि मनमोहन देसाईंचा 'अमर अकबर अँथनी'ही आला. पहिल्यात मराठी रंगभूमीवरून आलेले सुधीर दळवी बाबा झाले. या निवडीत एक खोल शहाणपण आहे, जे फारसं बोललं जात नाही. मनोजकुमार, हेमामालिनी, शत्रुघ्न सिन्हा, राजेंद्रकुमार यांच्यासारखे त्या काळचे मोठे तारे त्या चित्रपटात आहेत, आणि ते बाबांच्या अवतीभवती येणारी माणसं म्हणून आहेत. ज्यांच्यासाठी गर्दी थिएटरात जायची ती माणसं हिंदी प्रेक्षकाला फारशा ठाऊक नसलेल्या नटासमोर हात जोडतात. प्रेक्षकाच्या मनातली प्रतिष्ठेची उतरंडच त्यानं उलटी होते. कॅमेऱ्यानं कुठलाही कोन लावला असता तरी इतकं साधलं नसतं.

पण पुढं चमत्कार येतो आणि भाषा बदलते. पाण्यावर दिवे लागल्याची कथा दाभोळकरांच्या साईसच्चरितात आहे. तेल देणाऱ्या दुकानदारांनी एके दिवशी नकार दिला, बाबांनी पणत्यांत पाणी ओतलं आणि दिवे रात्रभर जळले. या कथेचा गाभा सामाजिक आहे. ज्याच्याकडं माल आहे तो ज्याच्याकडं काही नाही त्याला उजेड नाकारतो, आणि तो नकार निरुपयोगी ठरतो. पडद्यावर मात्र नजर जाते ती ज्योतींच्या झगमगाटाकडं. दुकानदाराची मान खाली जाणं, रिकाम्या हातानं परत आलेल्या फकिराचं न रागावणं, हे मागं पडतं. 'अमर अकबर अँथनी'त तर मूर्तीतून ज्योती निघतात आणि आंधळ्या आईच्या डोळ्यांत उतरतात. तो प्रसंग मी मनापासून मानतो. एका मुस्लिम कव्वालाच्या गाण्यावर हिंदू आईला दृष्टी येते, असं 1977 मध्ये ठणकावून सांगायला छाती लागते. तरीही लक्षात घ्यायला हवं, की तिथं उजेड वरून खाली येतो. देणारा उंच, घेणारी जमिनीवर. राजदरबाराची हीच रचना असते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. भक्ताला राजाच हवा असतो. लोक 'साईनाथ महाराज' म्हणतात, छत्र-चामरं घेऊन चावडीची मिरवणूक त्यांनी बाबांच्या हयातीतच सुरू केली. चावडी म्हणजे गावाच्या कारभाराची जागा. सारा तिथं, निवाडा तिथं. त्या जागी एका फकिराला वाजतगाजत नेणं हे गोरगरिबांनी केलेलं सत्तांतर होतं. स्वतःच्या माणसाला त्यांनी राजा केलं, तर चित्रपटानं सिंहासन दाखवलं म्हणून बिघडलं कुठं?

बिघडलं ते असं. भक्तांच्या आठवणी हेही सांगतात, की बाबांसाठी पालखी आली तेव्हा ते तिच्यात बसले नाहीत. तिच्यात पादुका गेल्या. लोकांनी मान देणं आणि त्या माणसानं तो अंगाला न लावणं, या दोन गोष्टी एकाच चौकटीत होत्या. त्यांच्यातला ताण हाच शिर्डीचा खरा प्रसंग आहे. चित्रपटांनी त्यातली पहिली गोष्ट घेतली आणि दुसरी सोडली. नकार दाखवायला कठीण असतो, झगमगाट सोपा असतो, हे कारण मला पुरेसं वाटत नाही. कारण मराठीत हे करून दाखवलेलं आहे. 1936 च्या 'संत तुकाराम'मध्ये दामले-फत्तेलालांनी चमत्कार दाखवले, विमानही दाखवलं. पण विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम आठवतो तो घराच्या ओसरीवर, शेतात, पोरांना ऊस वाटताना. आणि त्याच्या शेजारी गौरीबाईंची जिजाई आहे, आजारी पोरासाठी चिडून देवळात पायताण घेऊन जाणारी. देवासमोर संसार मोठ्यानं बोलू शकतो, तेव्हाच त्या देवाची थोरवी पटते. तिकडं जपानमध्ये ओझूंनी 'टोकियो स्टोरी'त (1953) कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला. खाली ठेवला, पण कुणाला मोठं करायला नाही. म्हाताऱ्या आईबापांसमोर बसून त्यांच्याशी बोलावं म्हणून. त्या मशिदीत, द्वारकामाईत, बाबा तरटावर बसत. त्या उंचीवर शिर्डीतला कॅमेरा अजून नीट बसलेला नाही.

आजची शिर्डी तर स्वतःच चोवीस तास चित्रित होते आहे. समाधी मंदिरात बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली संगमरवरी मूर्ती 1954 पासून आहे, आता सोन्याच्या सिंहासनावर. तिचं थेट दर्शन घरबसल्या होतं. ते चित्र थोडा वेळ लक्षपूर्वक पाहा. मूर्ती समोर, मध्यभागी, स्थिर. तळाशी माणसांचे माथे आणि पाठी सरकत राहतात. हात जोडून होण्याआधीच पुढं जायची वेळ येते. रात्रभर गाडीत बसून आलेलं, रांगेत तासन् तास उभं राहिलेलं माणूस त्या चौकटीत काही क्षण असतं, आणि चेहऱ्यासह तर नसतंच. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मात्र शाल पांघरलेल्या पाहुण्याचा फोटो येतो, मूर्तीसह, कॅमेऱ्याकडं बघत. त्याला थांबता आलेलं असतं. गर्दीचं व्यवस्थापन करावं लागतं, हे मला मान्य आहे. लाखो लोक येतात तिथं रांग हलती ठेवावीच लागेल. पण ज्यानं आयुष्यभर येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःसमोर बसू दिलं, त्याच्या दारात बसण्याचा हक्क पदावरून ठरावा, हे मला खटकतं आणि खटकत राहील.

बाबांचा लेंडीबागेकडं जातानाचा एक फोटो आहे. त्यातल्या माणसांची जी ओळख सांगितली जाते तिच्यानुसार एका बाजूला नागपूरचे धनवान गोपाळराव बुट्टी आहेत, ज्यांच्या वाड्यात पुढं समाधी झाली. दुसऱ्या बाजूला नानासाहेब निमोणकर. आणि बाबांच्या डोक्यावर छत्री धरून उभा आहे भागोजी शिंदे. भागोजीला महारोग होता. गावानं ज्याला दूर ठेवावं असा माणूस. बाबांचा हात धुनीत भाजला तेव्हा त्या हाताला रोज तूप चोळून पट्टी बांधायचं काम याच भागोजीनं केलं. राजांच्या चित्रांत छत्र धरणारा सेवक असतो, पण त्याचं नाव कुणी लिहून ठेवत नाही. इथं छत्र आहे, धनवान आहे, आणि त्यांच्यात महारोगी उभा आहे, नावानिशी. जब्याच्या डोक्यावरच्या दिव्यासारखंच हेही ओझं वाहणं आहे, पण इथं वाहणाऱ्याला चौकटीत जागा आहे. एका फोटोत त्या माणसांच्या संगतीनं नगर जिल्ह्यातल्या एका खेड्याची उतरंड काही पावलांपुरती का होईना, बदलली होती. बाबांची सत्ता कशी होती, हे मला कुठल्याही ज्योतींपेक्षा या फोटोत जास्त स्पष्ट दिसतं.

म्हणून मराठी दिग्दर्शकांना माझी विनंती आहे. 'फँड्री' आणि 'कोर्ट' करणारी भाषा आपल्याकडं आता आहे. ती देवस्थानांच्या बाहेर ठेवण्याचं कारण नाही. शिर्डीवर पुन्हा चित्रपट करायचा असेल तर तो भागोजी शिंद्यापासून सुरू करा. छत्री धरून त्याचा हात दुखतो का, बुट्टी त्याच्यापासून किती अंतरावर उभे राहतात, मशिदीत तो कुठं बसतो आणि त्याला तिथून कुणी उठवतं का, एवढं नीट दाखवा. बाबांना मोठं करण्यासाठी दुसरं काही करावं लागणार नाही.